ओली फुलं, लाल छत्री

पावसात रानफुलांचे फोटो लय भारी येतात असं ज्याने पहिल्यांदा सांगितलं ना, त्याला एकदा माझ्याशेजारी चिखलात पालथा झोपवायचाय. तसा तो खोटं बोलला नव्हता म्हणा. ढगातून येणारा प्रकाश मऊ असतो, कडक सावल्या पडत नाहीत, धुतलेली पानं अशी हिरवीगार दिसतात की बास. फोटो काढणाऱ्याचं काय होतं तेवढं तो सांगायचा विसरला.

वसंत संपत आलेला, फुलांचे शेवटचे चार दिवस, आणि सुट्टीच्या दिवशी नेमका पाऊस. बायको म्हणाली, पुढच्या आठवड्यात जाऊ. मी म्हटलं, फुलं काय आपली वाट बघत थांबणारेत? हेच वाक्य नंतर दिवसभर मला परत ऐकायला मिळालं, कारण जाऊन बघतो तर अर्धी फुलं मिटलेली! डँडेलियनसारखी फुलं अशा हवेत सरळ शटर ओढून घेतात, परागकण भिजले तर वाया जातात ना. "बघ, फुलांनाही कळतं पावसात घरी बसावं," इति बायको.

शेवटी एक उघडं पांढरं फूल सापडलं, नखाएवढं. अगदी जवळून टिपायची मॅक्रो लेन्स लावली, आडवा झालो. आता मॅक्रोची गंमत अशी की फूल सेन्सरवर खऱ्या मापाचं टिपायला गेलं तर लेन्सचं भोक बारीक करून एफ/८ वर ठेवूनसुद्धा जेमतेम १ मिलिमीटर खोलीपुरतंच शार्प येतं, म्हणजे पाकळीवरचा थेंब धरला की मधले पुंकेसर गेले, पुंकेसर धरले की थेंब गेला, आणि दोन्ही जमतायत असं वाटेपर्यंत वारा येतो आणि फूल मान हलवून नाही म्हणतं. शटर स्पीड वाढवला तर अंधार, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, वाढवला तर फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे. मी श्वास रोखून धरला. नंतर नाइलाजाने सोडला तर व्ह्यूफाइंडरवर वाफ. रुमाल ओला, शर्ट ओला, शेवटी बायकोच्या स्वेटरच्या बाहीला पुसलं, त्यावर ती काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

म्हटलं मोबाइल तरी काढू. टचस्क्रीनला पाण्याचा थेंब आणि बोट यातला फरक कळत नाही हे माहीत होतं, पण थेंब एवढे कामसू असतील असं वाटलं नव्हतं. त्यांनी स्वतःच सेल्फी कॅमेरा चालू केला आणि माझ्या नाकपुड्यांचे १७ फोटो काढले. सगळे शार्प!

मग बायकोलाच दया आली. तिने छत्री फुलावर धरली, स्वतः भिजत उभी राहिली, आणि वाराही मिनिटभर थांबला. एकच फोटो मिळाला पण काय फोटो! पाकळीच्या टोकाला थेंब, थेंबात मागचं सगळं रान उलटं, आणि पाकळ्यांवर हलकीशी गुलाबी झाक.

रात्री शिंकत शिंकत फॅमिली ग्रुपवर टाकला. लगेच आत्याचा मेसेज, "अरे किती गोड! असा गुलाबी रंग कधी बघितला नव्हता. कशाचा रे?"

मी लॅटिन नाव शोधत बसलो होतो, तोवर बायकोने उत्तर टाकलं पण.

"छत्रीचा."