गोल तिकीट लावा, पत्रिका पाठवा

घरात लग्न आहे? मग पत्रिकांसाठी पोस्टाच्या खिडकीवर उभं राहून तिकिटं घेण्याचा गाढवपणा करू नका. पोरानं अमेरिकेहून आणलेली तिकिटं कपाटात पडली असतीलच. तीच चिकटवा.

त्यातलं ते गोल निवडा. त्यावर 'ग्लोबल फॉरेव्हर' छापलेलं असतं. ग्लोबलमध्ये आपलं नागपूरचं खामला आलंच की.

तिकडेही हे चालतं. जुलै 2025 मध्ये तिथं देशातल्या पत्राला 78 सेंट पडायचे, परदेशच्या पत्राला हे गोल तिकीट 1.70 डॉलरचं. महागाचं तिकीट गावातल्या पत्राला लावलं तर वरचे पैसे बुडतात, पण पत्र पोचतं. मग नागपुरात काय धाड भरलीय?

पिनकोड टाकू नका. पोस्टमन काय कामाचा मग?

पाकीट मात्र जाडजूड घ्या. परवा आमच्याकडे आलं तसं. मखमली गणपती, सोनेरी गोंडा, कोपऱ्यात तेच गोल तिकीट, वजन 58 ग्रॅम. भर दुपारी डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला पोस्टमन दारात. "भाऊ, नॉटपेड आहे." पहिल्या 20 ग्रॅमला 5 रुपये, पुढच्या दर 20 ला 2, झाले 9. तिकीट नाही म्हणून घेणाऱ्याकडून दुप्पट, 18. म्हटलं, तिकीट तर आहे ना! "हे आपलं नाही न भाऊ."

खरंच आहे. त्याचे पैसे अमेरिकेच्या पोस्टानं केव्हाच गल्ल्यात टाकले. पत्र जिथल्या पेटीत पडलं, तिथल्या पोस्टानं पैसे घ्यायचे, हे 1874 मध्येच 22 देशांनी बर्नला बसून ठरवलं. आणि हे पाकीट पडलं नागपुरातल्याच प्रतापनगरच्या पेटीत! आपल्याकडे तर परदेशासाठी वेगळं तिकीटच लागत नाही. किंमत भरेल इतकी आपलीच तिकिटं लावा, पत्र लंडनला जावो की लाखनीला.

यजमानांना फोन केला, तर हसले. "अरे, पडून होती न ती. वाया गेली असती."

वाया? लॉन घेतलं, घोडी सांगितली, बँडवाल्याला इसार दिला, तेव्हा वाया जाणं आठवलं नाही? तिकिटाच्या 9 रुपयांवर येऊन काटकसर सुचली? आणि ती कोणाच्या जिवावर? निमंत्रण तुमचं, दंड आमचा! हेच पाकीट तुमच्या म्हाताऱ्या आत्याकडेही गेलं. तिनं डब्यातले सुटे मोजून 18 रुपये दिले आणि पत्रिका देवापुढं ठेवली. तिला तरी आधी फोन करा, आणि पैसे हातात नेऊन द्या.