बारा बोर म्हणजे बारा मिलिमीटर नव्हे: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

शॉटगनच्या काडतुसांवरच्या माझ्या लेखात तुम्ही तीन चुका काढल्यात. बारा बोर म्हणजे बारा मिलिमीटर, मग नळीच्या व्यासाला मी १८.५ मिमी कुठून आणले? ७० मिमी छापलेलं काडतूस तुम्ही पट्टीने मोजलंत, तर ते जेमतेम ५८ भरलं. आणि ‘बोरचा आकडा वाढला की नळी बारीक होते’ हा माझा नियम ४१०च्या बंदुकीपाशी सपशेल आपटतो. तिसरा आक्षेप मान्य, बिनशर्त. पहिल्या दोन्हींवर मात्र भांडणार आहे.

बोरचा आकडा लांबी-रुंदीचा नाहीच, तो वाटणीचा आहे. एक पौंड शिसं घ्यायचं आणि त्याच्या सारख्या बारा गोळ्या ओतायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोरची. तेवढ्याच शिशाच्या वीस गोळ्या पाडल्या तर प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून वीस बोरची नळी बारीक, साधारण १५.६ मिमी. वारस वाढले की वाटणी घटते, तसंच हे. सुताचा नंबरही असाच उलटा चालतो: ८० नंबरचं सूत ४० नंबरपेक्षा बारीक, कारण तिथेही एका पौंडात किती लडी बसतात तेच मोजलेलं असतं.

माझ्यावर विश्वास नको, हिशेब करा. पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, त्याचा बारावा हिस्सा ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता ११.३४, म्हणजे गोळीचं आकारमान ३.३३ घनसेंटिमीटर. एवढ्या गोळीचा व्यास १.८५ सेंटिमीटर येतो. लेखातले १८.५ मिमी ते हेच. (बारा बोरमधून दर वेळी चाप ओढला की ३७.८ ग्रॅम शिसं सुटतं, असा मात्र अर्थ काढू नका. ऑलिंपिकच्या ट्रॅप-स्कीटमध्ये, म्हणजे उडत्या चकत्यांवरच्या नेमबाजीत, बंदूक बारा बोरची असते, पण काडतुसात छर्रे २४ ग्रॅमच असतात. बोर नळीचा, वजन छर्ऱ्यांचं.)

‘नावात काय आहे’ असंही तुम्ही लिहिलंत. वीस बोरचं काडतूस चुकून बारा बोरच्या बंदुकीत गेलं तर ते चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या रुंद भागातून, पुढे घसरतं आणि चेंबर संपून नळी अरुंद होते तिथे त्याच्या बुडाची कड अडकते. बंदूक रिकामी दिसते, चाप ओढला तर काहीच होत नाही. मग माणूस मागून बारा बोरचं काडतूस भरतो आणि बार काढतो. नळी फाटते, बहुधा पुढच्या हाताखालीच. म्हणून तर वीस बोरचं काडतूस पिवळ्या रंगाचं करण्याचा प्रघात आहे.

आता तुमची पट्टी. तुम्ही मोजलंत ते बरोबरच, पण मोजलंत न उडवलेलं काडतूस. त्याचं तोंड घड्या घालून आत दुमडलेलं असतं. जवळून पाहिलंत तर चांदणीसारख्या सहा-आठ चुण्या दिसतील. बार झाला की त्या चुण्या सरळ होतात आणि टरफल लांब होतं. छापलेले ७० मिमी हे या उघडलेल्या टरफलाचे. हा आकडा असा का धरला? चेंबरला जागा द्यावी लागते ती उघडलेल्या टरफलाला. ७६ मिमीचं काडतूस ७० मिमीच्या चेंबरमध्ये गुमान बसतं, झाकणही लागतं. पण बार होताना त्याचं तोंड उघडतं ते पुढच्या निमुळत्या भागात. छर्ऱ्यांची वाट आवळली जाते आणि दाब नको तितका चढतो. ‘बसलं म्हणजे चालेल’ हा हिशेब इथे अंगाशी येतो. बंदुकीच्या नळीवर चेंबरची लांबी कोरलेली असते, ती बघायची आणि मगच डबा फोडायचा.

राहिलं ४१०. तिथे मी घसरलो. ४१० हा बोर नव्हेच, तो इंचात मोजलेला नळीचा व्यास: ०.४१० इंच, म्हणजे १०.४ मिमी. गोळ्यांच्या हिशेबाने बसवायचं तर ही नळी ६७-६८ बोरची होईल. युरोपातल्या काही डब्यांवर याच काडतुसाला ३६ म्हटलेलं असतं, तेही गणितात बसत नाही. खऱ्या ३६ बोरची नळी जवळजवळ १२.९ मिमीची भरेल. सगळे ‘फोर-टेन बोर’ म्हणतात म्हणून मीही म्हणत आलो आणि वर त्याच रांगेत नियमाचं उदाहरण म्हणून बसवून टाकलं.

ते वाक्य आज काढलं आहे आणि खाली दुरुस्तीची ओळ टाकली आहे. तुम्ही मोजलेलं ते काडतूस उडवाल, तेव्हा रिकामं टरफल टाकून देऊ नका. पुन्हा पट्टी लावा आणि आकडा इथेच कळवा.