गाठ कडक लागते ती पेशींमुळे नव्हे
स्तनाच्या कर्करोगावरच्या लेखात म्हटलंय, कर्करोगाच्या पेशी टणक असतात म्हणून स्तनातली गाठ कडक लागते. उलट आहे. पेशी बहुधा नरमच असतात. कडक होतं ते त्यांच्याभोवतीचं कोलॅजनचं, म्हणजे तंतुमय प्रथिनाचं जाळं. निरोगी ऊतीचा ताठरपणा साधारण ०.२ किलोपास्कल, गाठीचा ४ च्या आसपास. लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम तंतूंना एकमेकांशी टाके घालतं, जाळं ताणलं जातं, इंटिग्रिनमार्फत (पेशीला तंतूंशी जोडणारी प्रथिनं) तो ताण पेशीला कळतो आणि ती वाढू-सरकू लागते. आपली काळी माती उन्हात आवळून ढेकूळ होते, तसंच काहीसं. गाठीच्या कडेशी काटकोनात उभे तंतू दिसले तर लक्षण चांगलं नाही. पेशी त्याच वाटेने बाहेर पडतात.

आता तालुक्याहून नागपूरला गाठीचा तुकडा तपासणीला पाठवण्याबद्दल, लेखात हे राहूनच गेलंय. सलाइनमध्ये नको, कोरडा तर नकोच. तासाभराच्या आत १० टक्के बफर्ड फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणारा द्रव), तुकड्याच्या दहापट द्रवात. मे महिन्यात उशीर झाला की ऊती खराब होते आणि ईआर-पीआर (गाठीत हार्मोनचे रिसेप्टर आहेत का, ती तपासणी) खोटंच निगेटिव्ह येऊ शकतं. मोठी गाठ अख्खी बुडवली तर फॉर्मलिन मधोमध पोचत नाही. चीर कुठे द्यायची ते आधी पॅथॉलॉजिस्टला फोन करून विचारा. बरणीचं तोंड रुंद हवं, आणि फॉर्मलिनमध्ये एकूण ७२ तासांहून जास्त राहणार नाही इतक्या लवकर पोचवा. काढल्याची आणि बुडवल्याची, दोन्ही वेळा बरणीवर लिहा.