गाडी बघायच्या आधी खांब मोजा

भाच्याने परवा व्हॉट्सॲपवर एक्सेल शीट पाठवली. 16 गाड्या, 22 रकाने. मायलेज, एअरबॅग, सनरूफ, टचस्क्रीन किती इंचांची, मागे एसीचे व्हेंट आहेत का, सगळं. हिरवे-लाल रंगसुद्धा भरलेले. खाली प्रश्न: "आत्या, तू सहा वर्षं मुंबईत गाडी चालवतेयस. यातली कुठली घेऊ?"

मी विचारलं, "तुमच्या पार्किंगची रुंदी कुठल्या रकान्यात आहे रे?"

नव्हतीच.

मग फोनवर तासभर जे बोलले तेच इथे लिहितेय. कारण गेल्या सप्टेंबरात, ऐन घटस्थापनेच्या दिवशी (22 सप्टेंबर 2025) छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला, आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या गेटात नारळ फुटतच आहेत. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये त्यातल्या निम्म्यांचे चेहरे पडलेले असतात.

आधी ही 'कॉम्पॅक्ट' काय भानगड आहे ते बघू. 2006 च्या बजेटमध्ये सरकारने छोट्या गाडीचं माप ठरवलं. लांबी 4 मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत, तर कर कमी. तेच माप पुढे जीएसटीतही आलं. म्हणून नेक्सॉन घ्या, ब्रेझा घ्या, सोनेट घ्या, तिघींची लांबी 3995 मिलिमीटर. शाळेत स्कर्टची लांबी मोजणाऱ्या बाईंना चुकवावं तसं. पण हे माप लांबीचं, रुंदीला कोणी विचारलेलं नाही. त्यामुळे गाड्या आडव्या वाढल्या. वॅगन आर 1620 मिलिमीटर रुंद आहे आणि ब्रेझा 1790. शोरूमच्या चकचकीत फरशीवर हा 17 सेंटीमीटरचा फरक जाणवतही नाही.

तो जाणवतो स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये.

आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला. मला मिळालेली जागा दोन खांबांच्या मधली. 2019 मध्ये गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा घरात मोठा टेप नव्हता, शिवणाचा होता, 60 इंची. वॉचमनने एक टोक खांबाला धरलं, टेप संपला तिथे मी खडूने रेघ मारली आणि पुढे परत लावला. साडेसात फूट भरले. म्हणजे 2286 मिलिमीटर. त्यात 1620 ची गाडी घातली की दोन्ही बाजू मिळून 666 उरतात, 1790 ची घातली तर 496. आरसे मिटून, बरं का. आता गाडी डाव्या खांबाला अगदी चिकटवून लावली तरी ड्रायव्हरचं दार किती उघडेल, आणि त्या फटीतून कोण बाहेर पडेल, याचा विचार ज्याने त्याने आपापल्या अंगाने करावा. मी माझ्या अंगाने केला आणि अरुंद गाडी घेतली. माझी गाडी कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर खाली कॉमेंटमध्ये दोन कंपन्यांचे भक्त एकमेकांच्या अंगावर जातील.

चौथ्या मजल्यावरच्या काकांनी मात्र हौसेने रुंद गाडी आणली. रोज संध्याकाळी काकू गेटाशीच पिशव्यांसकट उतरतात. काका तीन-चार हिसक्यांत गाडी आत घेतात, दार टेकेपर्यंत उघडतात, पोट आत ओढतात, आधी डावा हात छपरावर, मग उजवा पाय बाहेर, आणि मग बाकीचे काका हप्त्याहप्त्याने बाहेर येतात. गाडी उत्तम आहे हो त्यांची. जागा तिची नाही.

नव्या टॉवरवाल्यांची वेगळीच तऱ्हा. तिथे पझल पार्किंग असतं, लोखंडी पाळण्यावर गाडी चढवायची. त्या यंत्रावर पाटी असते, रुंदी, उंची, वजन. तिचा फोटो काढून शोरूममध्ये न्या. खालच्या पाळण्यात उंच गाडी बसत नाही हे पैसे भरल्यावर कळलेली दोन घरं माझ्या माहितीत आहेत. आणि बिल्डर "स्टिल्ट पार्किंग विकत घ्या" म्हणत असेल तर कागद नीट बघा. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये नहालचंद प्रकरणात तेव्हाच्या कायद्याप्रमाणे स्टिल्ट किंवा मोकळं पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही असं सांगितलं होतं, पण रेरा कायदा आल्यापासून महाराष्ट्रात झाकलेलं पार्किंग करारात लिहून विकता येतं, मोकळं नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये जागा सोसायटीच वाटते. काही सोसायट्या दरवर्षी चिठ्ठ्या टाकतात. तुमची तशी असेल तर सगळ्यात अरुंद जागा मोजा, नशिबात तीच येते.

दुसरं माप सासूबाईंच्या गुडघ्याचं. हे तर कुठल्याच ब्रोशरमध्ये नसतं. त्यांची गाडीची कल्पना म्हणजे काळी-पिवळी पद्मिनी, आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, ऑक्टोबर 2023 मध्ये टॅक्सी म्हणून रस्त्यावरून कायमची गेली ती. तिच्यात साडी सावरून आधी टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. मी त्यांना शोरूममध्ये घेऊन गेले तेव्हा तिथला मुलगा एका देखण्या, बुटक्या हॅचबॅकची स्तुती करत होता. आई बसल्या. छान बसल्या. मग दोन मिनिटं तशाच. मी म्हटलं, "काय झालं आई?" तर म्हणाल्या, "बसता येतंय गं. उठायचं कसं?"

त्या मुलाला टॉर्क माहीत होता, हे माहीत नव्हतं. मग उंच सीटच्या गाडीत बसवलं. खाली वाकायला नको, वर चढायला नको, खुर्चीवर बसावं तसं सरळ. तिथल्या तिथे निर्णय झाला. एसयूव्हीच हवी असं नाही, तिच्यात पाय उचलून चढावं लागतं, तोही त्रासच. घरात कोणी साठीच्या पुढचं असेल तर त्यांना सोबत न्या आणि पाच वेळा चढ-उतार करायला लावा. शोरूमवाल्याला कंटाळा आला तर येऊ दे.

आता चालवण्याचं. मी आठवड्यातून तीन दिवस मुलुंड ते अंधेरी जाते, जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांना पुढचं सांगायला नको. वर मेट्रोचं काम, खाली बसच्या मागे बस, आणि पवईजवळ तर गाडी पहिल्या गिअरमध्येच म्हातारी होते. त्या रस्त्यावर क्लच सोडणं-दाबणं करत सव्वा तास काढला की संध्याकाळी डाव्या पोटरीत गोळा येतो. म्हणून मी एएमटी (क्लचचं पेडल नसलेली) घेतली आणि एका दिवसासाठीही पस्तावले नाही. पण ती म्हणजे खरी ऑटोमॅटिक असं कोणी सांगितलं तर फसू नका. आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो. क्लच आणि गिअर तुमच्याऐवजी एक यंत्र बदलतं, एवढाच फरक. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना गाडी क्षणभर विचार करते आणि सगळ्यांच्या माना एकदम डोलतात, कीर्तनाला बसल्यासारख्या. सवय होते. चढावर मात्र पहिल्या दिवसापासून सावध राहावं लागतं, काही मॉडेलमध्ये गाडी थोडी मागे सरकते. त्यामुळे टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका, शोरूमवाले तेच सुचवतात. संध्याकाळी साडेसहाला घ्या, आणि कुठल्या तरी मॉलच्या बेसमेंटचा रॅम्प चढून बघा, मध्येच थांबून. हातात थोडे जास्त पैसे असतील तर सीव्हीटी (गिअरचे टप्पेच नसलेली ऑटोमॅटिक) या ट्रॅफिकमध्ये जास्त सुखाची, हे मैत्रिणीच्या गाडीवरून सांगते.

मायलेज? जेव्हीएलआरवर 11-12, हायवेला 19. ब्रोशरमधला आकडा प्रयोगशाळेतला असतो, तिथे पवई नसते.

यावर लगेच सगळे सीएनजी म्हणतात. भाच्याच्या शीटमध्येही सीएनजीचा रकाना गडद हिरवा होता. मी माझा हिशेब मांडला. महिन्याला साधारण 500 किलोमीटर. पेट्रोल 103 च्या आसपास आणि सीएनजी 80 च्या आसपास धरला, तर पेट्रोलला 4300, सीएनजीला 2000. वाचले 2300. सीएनजी मॉडेलला नव्वदेक हजार जास्त मोजायचे, म्हणजे ते वसूल व्हायलाच सव्वातीन वर्षं. रोज ठाण्याहून नरिमन पॉइंट करणाऱ्याला ते वर्ष-दीड वर्षातच सुटतील, त्याने डोळे मिटून घ्यावी. माझ्यासारखीने पंपावरच्या रांगेचाही हिशेब धरावा. रिक्षांच्या मागे पंचवीस मिनिटं, मग सगळ्यांनी खाली उतरायचं, सासूबाईंनीसुद्धा. डिकीत सिलिंडर असला की गणपतीला गावी जाताना सामान मांडीवर. टाटाने दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी घालून ही अडचण बरीच कमी केली आहे, आणि टियागोत 2024 पासून सीएनजीबरोबर एएमटीही मिळते, आधी सीएनजी म्हणजे मॅन्युअलच होतं. वॅगन आरमध्ये अजून तसंच आहे. आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट करायची असते, ती लोक सोयीस्कर विसरतात. स्फोटक वस्तू आहे ती, विसरू नका.

सुरक्षेबद्दल मी आधी बेफिकीर होते, हे कबूल करते. मुंबईत 20 च्या स्पीडने जाणाऱ्याला स्टार कशाला, असं मीही म्हणायचे. मग एकदा रात्री साडेबाराला ईस्टर्न एक्स्प्रेसवर डंपर ज्या वेगाने बाजूने गेला, त्यानंतर म्हणत नाही. 2023 च्या ग्लोबल एनकॅपच्या (गाड्या मुद्दाम आदळवून पाचपैकी स्टार देणारी संस्था) चाचणीत वॅगन आरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी 1 स्टार मिळाला, 2024 मध्ये त्याच कंपनीच्या नव्या डिझायरला 5, टियागोला 2020 मध्ये 4. ऑक्टोबर 2023 पासून आपलं भारत एनकॅपही आहे. आज गाडी घेतली असती तर सहा एअरबॅग आणि स्टार बघूनच घेतली असती, सनरूफचे पैसे त्यात घातले असते. मुंबईच्या उन्हात आणि पावसात सनरूफ उघडायचं कधी, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

शोरूमच्या बिलावर थोडंसं. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात रोड टॅक्स 11 टक्के, तो द्यावाच लागतो. थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम, 2018 पासूनचा नियम, तोही द्यावाच लागतो. पण विमा शोरूममधूनच घ्यावा असा नियम नाही. मी बाहेरून आणते म्हटल्यावर त्याच मुलाने पाच मिनिटांत 9000 कमी केले. 'हँडलिंग चार्जेस' दिसले की हे काय हँडल केलंत ते विचारा. उत्तर ऐकण्यासारखं असतं.

आणि पाऊस. विम्यावर इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन घ्या, मुंबईत हा खर्च वायफळ नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी शिरलेलं असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, मग आतले कनेक्टिंग रॉड वाकतात आणि हजारांचं काम लाखावर जातं. दोन वर्षांपूर्वी जुलैत सबवेच्या तोंडाशी माझी बंद पडली. मागून वीस जण हॉर्न वाजवत होते, एक सद्गृहस्थ काचेवर टकटक करून "मॅडम, सेल्फ मारा, सेल्फ मारा" म्हणत होते. मी चावी काढून पर्समध्ये टाकली आणि पाण्यात उतरले. टो करून नेली, एअर फिल्टर आणि तेल बदलून सुटले. जुनी गाडी घेणाऱ्यांनी म्हणूनच सीटबेल्टचे पट्टे शेवटपर्यंत ओढून बघावेत. पुरातल्या गाडीची सीट धुतात, गालिचा बदलतात, पण पट्ट्याच्या शेवटच्या हातभर भागावरची चिखलाची रेघ राहून जाते.

काल रात्री भाच्याचा मेसेज आला. नुसता आकडा: 2210. पाठोपाठ दुसरा: "आत्या, शनिवारी शोरूमला येशील का? आजींना घेऊन." 22 रकान्यांचं काय झालं, मी विचारलं नाही.

एक राहिलंच, आणि यात मलाच सल्ला हवाय. उंदीर. स्टिल्टमध्ये गाडी दोन दिवस उभी राहिली की बॉनेटखाली बिऱ्हाड थाटतात. गेल्या महिन्यात सकाळी गाडी सुरूच होईना. मेकॅनिकने बॉनेट उघडलं तर बॅटरीशेजारी नारळाच्या शेंड्यांचं अंथरूण, अर्धा बटाटा, आणि तीन वायरी अगदी तांब्यापर्यंत सोललेल्या. बिल 6400. विमा कंपनीने कलम दाखवून हात वर केले, तेव्हा पॉलिसी घेताना उंदरांचं काय ते आधीच विचारून घ्या. डांबराच्या गोळ्या ठेवून झाल्या, खालून जाळी लावून झाली, रात्री बॉनेट उघडं ठेवूनही झालं. कुणाकडे खात्रीचा उपाय असेल तर खाली लिहा. तंबाखू तेवढा सांगू नका, आमच्याकडच्यांनी तो खाल्ला.