बेगलला चीज लावलं, की ते जेवण

गेली दोन-तीन वर्षं मार्च उजाडला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास येतो. शब्द बदलतात, आशय तोच. अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना बास्केटबॉल खेळायचे लाखो डॉलर द्यायला लागले आणि खेळाची माती झाली. पूर्वी पोरं कॉलेजच्या नावासाठी जीव तोडून खेळायची, आता फक्त पैसा बोलतो. टीममध्ये फूट पडली, श्रीमंत कॉलेजंच जिंकणार हे ठरून गेलं, शिक्षण बाजूला राहिलं, मुलींच्या तोंडचा घास गेला. शेवटी हात जोडलेली इमोजी आणि "पटलं तर पुढे पाठवा".

मला पटलं नाही, म्हणून पुढे न पाठवता उत्तर लिहितोय. त्यातलं जे खरं आहे तेही सांगेन.

आधी झालं काय ते थोडक्यात. कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणारी संस्था म्हणजे एनसीएए. खेळाडूला स्कॉलरशिपपलीकडे काही मिळता कामा नये, हा तिचा जुना नियम. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ९-० असा निकाल तिच्या विरोधात दिला. खटला शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं निकालपत्र लिहून एनसीएए कायद्याच्या वर नाही, असं बजावलं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरू देऊन जाहिरातींतून कमवायची मुभा मिळाली. मग जून २०२५ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात तडजोड मंजूर झाली आणि कॉलेजंही स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक कॉलेजला सगळे खेळ मिळून २ कोटी ५ लाख डॉलर.

आता एकेक मुद्दा घेऊ.

"पूर्वी खेळात पैसा नव्हता."

पूर्वी पोरांच्या हातात पैसा नव्हता, एवढंच खरं. मार्चमधल्या देशभरच्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेच्या टीव्ही हक्कांचा करार सीबीएस आणि टर्नर या टीव्ही कंपन्यांनी २०१६ मध्ये २०३२ पर्यंत वाढवला, तो वाढीव आठ वर्षांसाठी ८८० कोटी डॉलरला. लुइव्हिल विद्यापीठाचे कोच रिक पिटिनो वर्षाला ७० लाख डॉलरच्या वर घेत होते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगाराचा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो, विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच असतो.

आणि पोरांना काय? बेगल. हे विनोदाने म्हणत नाहीये. कॉलेजने खेळाडूला जेवणाच्या वेळेबाहेर काय खायला द्यावं याचे नियम होते. फळं, सुकामेवा आणि बेगल चालत. बेगल म्हणजे मध्ये भोक असलेला गोल पाव. त्याला क्रीम चीज लावलं की मात्र तो खाऊ न राहता 'जेवण' व्हायचा, आणि नियमाबाहेर जायचा. एप्रिल २०१४ मध्ये कनेटिकटच्या टीमने विजेतेपद मिळवलं. तिचा म्होरक्या शबाझ नेपियर त्याच दिवसांत पत्रकारांना म्हणाला, की काही रात्री मी उपाशी झोपतो. टेक्सासच्या अवाढव्य स्टेडियममध्ये ज्याच्या खेळाची तिकिटं खपत होती, तो हा मुलगा. त्याच महिन्यात एनसीएएने जेवणावरची बंधनं उठवली.

'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्दही तेवढा सोज्वळ नाही. १९५० च्या दशकात कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा फुटबॉलपटू सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. खेळाडूला कामगार ठरवू द्यायचं नाही, म्हणून एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांच्या कारकिर्दीत हा शब्द रुजवला गेला. ती बाई खटला हरली.

टेबलाखालचा व्यवहार तर कायमचाच. १९९० च्या दशकातल्या मिशिगनच्या गाजलेल्या टीमचे झेंडे पुढे छतावरून उतरवावे लागले, कारण एक पाठीराखा खेळाडूंना पैसे पुरवत होता. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने धाड घातली तेव्हा आदिदासचा एक बडा अधिकारी पकडला गेला. लुइव्हिलला येणाऱ्या एका मुलाच्या घरच्यांना १ लाख डॉलर द्यायचं ठरलं होतं. खटल्यात सरकारची मांडणी काय, तर यात फसवणूक झाली ती विद्यापीठांची! तेच पैसे आज उजेडात, पावतीवर दिले जातात तेव्हा आपल्याला खेळ बाटला असं वाटतं. जत्रेच्या फडात कुस्ती मारून पैलवान इनाम खांद्यावर टाकून जातो, त्याला आपण कधी बाटलेला म्हटलं नाही.

"फी माफ असते ना, आणखी काय हवं?"

हा मुद्दा आमच्या ग्रुपवर कुणी काढावा, याची मला खरंच गंमत वाटते. माझा भाचा मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात पीएचडी करतोय. त्याची फी माफ आहे. शिवाय टीए, म्हणजे शिकवण्यातला मदतनीस म्हणून दर महिन्याला स्टायपेंड मिळतो, कारण तो पहिल्या वर्षाच्या मुलांचे पेपर तपासतो. आख्ख्या घराण्यात कुणीही त्याला विचारलेलं नाही, की बाबा रे, फी माफ असताना वर पैसे कशाला घेतोस? उलट स्टायपेंड कमी आहे म्हणून ताई चिडते. फी माफी हा सौद्याचा एक भाग, कामाचा मोबदला दुसरा. हे आपल्याला आपल्या पोराच्या बाबतीत लगेच कळतं.

जाता जाता, एफ-१ व्हिसा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, म्हणून सांगतो. २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू परदेशी होता. २०२२ मध्ये केंटकीचा ऑस्कर शिब्वे, काँगोचा. पुढची दोन्ही वर्षं पर्ड्यूचा झॅक ईडी, कॅनडाचा. विद्यार्थी व्हिसावर असल्याने दोघांचेही हात बांधलेले. शेजारी बसणारा राखीव खेळाडू गाडीच्या शोरूमची जाहिरात करू शकतो, हे करू शकत नाहीत. शिब्वेची टीम बहामाला सामने खेळायला गेली तेव्हा तिथल्या तिथे त्याचे जाहिरातींचे व्यवहार उरकून घेतले, कारण ती अमेरिकेची जमीन नव्हती. पैशाने माणूस बिघडतो म्हणणाऱ्यांनी पैसा न मिळणाऱ्याचीही तारांबळ बघावी.

"टीममध्ये फूट पडली."

ही पोस्ट लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा मायामी असावी, तेव्हा मायामीचीच गोष्ट घेऊ.

एप्रिल २०२२. नायजेल पॅक नावाचा खेळाडू कॅन्सस स्टेटमधून मायामी विद्यापीठात आला. त्याच दिवशी एका स्थानिक उद्योजकाने जाहीर करून टाकलं: दोन वर्षांचे ८ लाख डॉलर, वर एक गाडी. गावभर आकडा झाला. टीममध्ये आधीपासून असलेला, आदल्या मोसमाचा प्रमुख खेळाडू आयझाया वाँग. त्याच्या एजंटने थेट सांगितलं, याचे पैसे वाढवा, नाहीतर तो दुसरं कॉलेज बघेल. एक-दोन दिवस भडका उडाला, मग वाँग आहे तिथेच थांबला. सगळ्यांनी भाकीत केलं, आता ही दोघं एकमेकांना बॉल देणार नाहीत.

पुढचा मार्च. वाँग आपल्या विभागाचा, म्हणजे मायामी ज्या कॉलेजांच्या गटात खेळते त्याचा, सर्वोत्तम खेळाडू ठरलेला. अव्वल मानांकित ह्यूस्टनविरुद्ध पॅकने २६ गुण केले, त्यात सात तीन-गुणी. दोन दिवसांनी टेक्साससमोर मायामी १३ गुणांनी मागे, आणि तिथून ८८-८१ ने जिंकले. त्या सामन्यात जॉर्डन मिलरचा एकही नेम चुकला नाही, मैदानातून सातपैकी सात आणि फ्री थ्रो तेरापैकी तेरा. मायामी विद्यापीठ इतिहासात पहिल्यांदाच शेवटच्या चारांत पोचलं. ज्या टीमचे पगार वर्तमानपत्रात छापून आले होते, ती टीम.

इथे थांबलो तर मी पण अर्धसत्यच पुढे पाठवल्यासारखं होईल. कोच जिम लारानागा, वय ७५, यांनी डिसेंबर २०२४ मध्ये मोसमाच्या मध्यावरच राजीनामा दिला. दमलो म्हणाले. शेवटच्या चारांत पोचल्यावर खेळाडूंशी पहिली भेट झाली तेव्हा आठ जणांनी दुसरीकडे जायचा विचार सांगितला, याचा त्यांना जबर धक्का बसला होता. दोन महिने आधी व्हर्जिनियाचे टोनी बेनेट असेच निघून गेले होते. या दोघांचं दुःख मला खोटं वाटत नाही.

पण ते दुःख पैशाचं की मोकळ्या दाराचं? कॉलेज बदललं की एक वर्ष बाकावर बसायचं, हा जुना नियम २०२१ मध्ये एका बदलीपुरता सुटला. २०२४ मध्ये कोर्टबाजीनंतर कितीही वेळा बदली करा, असं झालं. २०२५ च्या वसंतात दोन हजारांवर पुरुष बास्केटबॉल खेळाडूंनी बदलीसाठी नाव नोंदवलं. पैसे आणि मोकळं दार एकाच वेळी आलं, म्हणून एकाचं खापर दुसऱ्यावर फुटतं. कोच मात्र पहिल्यापासून मोकळेच होते. मार्च २०२२ मध्ये जर्सी सिटीचं (हो, आपल्या लोकांनी भरलेलं तेच) सेंट पीटर्स हे चिमुकलं कॉलेज केंटकी आणि पर्ड्यूला हरवून शेवटच्या आठांत गेलं. हरल्यावर काही दिवसांतच त्यांचे कोच शहीन हॉलोवे सीटन हॉल विद्यापीठात रुजू झाले. निष्ठा संपली म्हणून तेव्हा कुणी मजकूर फिरवला नाही. कोच गेला तर बढती आणि पोरगा गेला तर गद्दारी, असा हिशोब आहे.

"आता श्रीमंत कॉलेजंच जिंकणार."

इथे पोस्टवाल्याच्या पदरात बरंच टाकायला हवं. २०२५ मध्ये शेवटच्या सोळांत एकही लहान विभागातलं कॉलेज नव्हतं. सोळाच्या सोळा चार बड्या विभागांतले, त्यातले सात एकट्या एसईसी या विभागाचे. शेवटचे चारही अव्वल मानांकित (स्पर्धेच्या चार गटांत प्रत्येकी एक अव्वल मानांकित असतो). लहान कॉलेजने मुलगा घडवायचा आणि दोन वर्षांनी मोठ्याने उचलायचा, हे खरोखर होतंय. सेंट पीटर्सची तीच पोरं पुढच्या वर्षी चार दिशांना पांगली. असल्या टीम बघण्यासाठीच मी रात्रीची झोप मोडतो, त्यामुळे हे नुकसान मलाही लागतं.

फक्त पूर्वी समानता होती असं म्हणू नका. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत यूसीएलएने दहा विजेतेपदं घेतली, त्यातली सात सलग. चारही अव्वल मानांकित शेवटी भिडले, असं २००८ मध्येही झालं होतं, तेव्हा चीजवर बंदी होती. आणि २०२३, म्हणजे पैसे सुरू झाल्यावरचं दुसरं वर्ष: शेवटच्या चारांत पहिल्या तीन मानांकनांतला एकही नव्हता. असं त्याआधी कधीच घडलं नव्हतं. प्रेक्षक पळाले म्हणावं, तर २०२५ ची फ्लोरिडा-ह्यूस्टन अंतिम लढत १ कोटी ८० लाखांच्या आसपास लोकांनी पाहिली, २०२४ पेक्षा बरीच जास्त.

"शिक्षणाचा बोजवारा उडाला."

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १८ वर्षं 'कागदी वर्ग' चालले. तास नाही, शिक्षक नाही, शेवटी एक निबंध द्यायचा आणि चांगली श्रेणी घ्यायची. २०१४ च्या चौकशी अहवालात तीन हजारांवर विद्यार्थी सापडले, जवळपास निम्मे खेळाडू. हा सगळा काळ पवित्र, बिनपैशाचा.

पैसे आल्यावर उलट गाडी वळलेली दिसते. एनबीए या व्यावसायिक लीगच्या निवडीसाठी, कॉलेज संपायच्या आधीच नाव देणारे २०२१ मध्ये साडेतीनशेच्या वर होते, २०२५ मध्ये शंभराच्या थोडे वर. (कोविडमुळे मिळालेल्या खेळायच्या जादा वर्षाने २०२१ चा आकडा फुगला होता, हे धरलं तरी घसरण मोठी आहे.) एनबीएच्या खालच्या पायरीच्या जी लीगमध्ये मोसमाला चाळीस हजार डॉलरच्या आसपास मिळणार असतील आणि कॉलेजात त्याच्या कितीतरी पट, तर मुलगा कशाला घाई करेल? एनबीएने शाळा संपलेल्या मुलांसाठी काढलेली इग्नाइट ही टीम २०२४ मध्ये बंद केली, तिची गरजच उरली नाही. मुलं कॉलेजात जास्त टिकतायत. ती वर्गात किती बसतात ते मला विचारू नका, आमच्या वेळी मीही फारसा बसत नव्हतो.

"मुलींच्या तोंडचा घास."

जाहिरातींची कमाई खुली झाल्याचा सर्वांत देखणा फायदा मुलींना झाला. २०२४ ची मुलींची अंतिम लढत, केटलिन क्लार्कचं आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलायना, १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी पाहिली. पुरुषांची त्याच वर्षीची दीड कोटीच्या आत राहिली. व्यावसायिक लीगमध्ये क्लार्कचा पहिल्या वर्षाचा पगार ७६ हजार डॉलर, त्यामुळे कॉलेजात असतानाच्या जाहिराती तिला किती मोलाच्या होत्या ते कळेल. लहान खेळ बंद करायची कुऱ्हाडही आधीचीच: स्टॅनफर्डने ११ खेळ बंद करायचं २०२० मध्येच जाहीर केलं होतं, नंतर माघार घेतली. मात्र नव्या तडजोडीत जुन्या खेळाडूंना द्यायच्या थकबाकीचा सिंहाचा वाटा फुटबॉलला, मग पुरुष बास्केटबॉलला, आणि मुलींना अगदी थोडा जातो. त्यावर भांडायला हवंच.

मग घोळ कुठे आहे? मला विचाराल तर पैसे दिले यात नाही, नोकरीचा करार न करता दिले यात आहे. जाहिरातीचा करार आहे, उत्पन्नातला वाटा आहे, पण हा माणूस आमचा नोकर आहे असं कॉलेज मान्य करत नाही. एनबीएत खेळाडूंची युनियन आहे, तिच्याशी बसून पगाराची मर्यादा आणि बदलीचे नियम ठरतात, म्हणून ते कोर्टात टिकतात. इथे एनसीएए एकतर्फी नियम करते आणि कोर्ट ते उडवतं.

डार्टमथ कॉलेजच्या पोरांनी हे ओळखलं होतं. तिथे खेळासाठी स्कॉलरशिपही मिळत नाही. युनियनसाठी पुढाकार घेणाऱ्यांपैकी एक जण कॉलेजच्या मेसमध्ये काम करायचा, आणि मेसमधल्या विद्यार्थ्यांची युनियन आधीच झालेली होती. ५ मार्च २०२४ ला बास्केटबॉलच्या पोरांनी १३ विरुद्ध २ मतांनी युनियन करायचं ठरवलं. कॉलेजने बोलणी करायला नकार दिला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी अर्ज मागे घेतला गेला.

भाच्याला फोनवर हे सांगितलं. पहिल्या वर्षी तोही मेसमध्ये आठवड्याला २० तास ताटं विसळायचा. त्याने एवढंच विचारलं, "मामा, त्यांनी मागितलं काय होतं?" तासावर मजुरी, म्हटलं. तुला मिळायची तशी.