आयशा हयात आहे का?

नोव्हेंबर उजाडला की आपण जिवंत आहोत, हे मला बँकेत जाऊन सांगावं लागतं. पेन्शनर मंडळींना यात नवल नाही. पण माझ्या नावाचा अर्थच मुळी 'जगणारी'. 'आयशा' एवढी हाक मारली आणि मी 'ओ' दिली, की दाखला हातात पडायला हवा. त्यात 'हयातीचा दाखला' मधला हयात हा शब्दही अरबीच, आणि तेही मुलीचं नाव! म्हणजे एका अरबी बाईला दुसरी जामीन.

कागदोपत्री मी तिघी आहे. आधारावर आयेशा, पेन्शनच्या पुस्तकात आयशा, पासबुकात आशा. दोष तरी कुणाला द्यायचा? अरबीत हे नाव 'ऐन' या अक्षराने सुरू होतं. ते घशाच्या तळातून काढायचं. देवनागरीत त्याला घरच नाही. मग जो तो आपल्या घशाप्रमाणे म्हणतो. तुर्कस्तानात आयशे, झांझिबारकडे चक्क आशा. पासबुक लिहिणाऱ्याला तिकडची स्वाहिली भाषा येत असणार, अशी मी मनाची समजूत घातली आहे.

पैगंबरांच्या पत्नीचं नाव म्हणून अब्बांनी हौसेने ठेवलं. शाळेत पोरींनी त्याचं 'आयशा-पथ' केलं. पुढे कुवेतहून आलेल्या मामूंनी सांगितलं, तिकडे 'ऐश' म्हणजे भात. इजिप्तमध्ये 'ऐश' म्हणजे रोटी. जगण्याचाच तो धातू, जगवतं ते अन्न. आपल्याकडे येईतो तोच शब्द चैनीला लागला. अर्थात आम्हा रत्नागिरीकरांना भात आणि ऐश यांत फरक कधी कळलाच नाही.

तर यंदा काउंटरवर माझाच जुना विद्यार्थी. "बाई, ओळखलंत?" मी ओळखलं. मशीनने मला नाही ओळखलं. तीस वर्षं खडू धरून अंगठा गुळगुळीत झालेला.

"अरे, माझ्या नावाचा अर्थच जिवंत."

"बाई, सिस्टीम अर्थ नाही बघत."

मग त्याने मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. "आता चेहऱ्यावरून करू. इकडे बघा... आणि डोळे मिचकवा."

चौथीत शेजारच्या बाकावरच्या मुलीला डोळा मारला म्हणून ह्याच पोराला मी तासभर बाकावर उभं केलं होतं.

"नीट मिचकवा, बाई," तो म्हणाला. "परत एकदा."