फॅट बॉय की चीफ? दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ थांबून बघा, मग बोला

गेला महिनाभर आपल्या बाईकच्या ग्रुपवर एकच वाद चाललाय, हार्ले घ्यावी की इंडियन (दोन्ही अमेरिकन बाईक कंपन्या), आणि वाद घालणाऱ्या निम्म्या लोकांनी दोन्हीतली एकही गाडी वीस मिनिटं सलग चालवलेली नाही. मी चालवली, दोन्ही, एकाच रविवारी, एकाच रस्त्यावर, म्हणून लिहायला बसलोय. लांब होणार आहे, चहा घेऊन वाचा.

आधी सांगतो, मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉप चालवतो, दिवसभर हातात कास्टिंग असतं, त्यामुळं इंजिनाकडं बघायची माझी नजर जरा वेगळी आहे. कोल्हापूरचे दोन मित्र चोर्ला घाटानं गोव्याला जायचं म्हणून आदल्या रात्री बेळगावला मुक्कामाला आले. एकाकडं हार्लेची फॅट बॉय 114, दुसऱ्याकडं इंडियनची चीफ डार्क हॉर्स. मी म्हटलं, घाटाअलीकडच्या कणकुंबीपर्यंत मला चालवू द्या, जाताना एक, येताना दुसरी, बेळगावात परत आलो की मग तुम्ही पुढं जावा. दोघंही तयार झाले, वर सकाळी गावातनं एकेक चक्कर मारायलाही दिली, अशी माणसं मिळायला नशीब लागतं.

कागदावर बघायला गेलं तर दोन्ही भाऊ-भाऊच. फॅट बॉय 1868 सीसी, चीफ 1890. वजन फॅट बॉयचं 317 किलो, चीफचं 304. टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, दोन्हीचा 150 न्यूटन मीटरच्या वर. पट्ट्यावर चालणारं मागचं चाक, सहा गियर, पुढं एकच डिस्क. इंडियन 1901 ची, हार्ले 1903 ची, फक्त इंडियनचा मूळ कारखाना 1953 ला बंद पडला आणि 2011 ला पोलारिस कंपनीनं नाव घेऊन ती परत उभी केली. एवढं वाचून कोण ठरवत असेल तर त्याला माझा हात जोडून नमस्कार.

कारण 13 किलोचा फरक कागदावर काहीच नाही, पण गाडी साईड स्टँडवरनं उभी करताना तो फरक 13 किलोचा राहत नाही. फॅट बॉयचा पुढचा टायर 160 मिमी रुंद आणि मागचा 240, म्हणजे कारचा टायर लावल्यासारखा. सरळ रस्त्यावर काय बसते ती गाडी, हात सोडला तरी हलणार नाही असं वाटतं. पण गावात आरपीडी कॉर्नरला वळताना पुढचं चाक वळायलाच तयार नाही, हँडलला धरून सांगावं लागतं की बाई वळ आता. चीफचा पुढचा टायर 130 चा आणि चाक 19 इंची, ती नुसतं बघितलं तिकडं जाते. माझी उंची पाच फूट सहा, सीट दोन्हीची खालीच (675 आणि 662 मिमी), पाय दोन्हीला पूर्ण टेकले, तरी यू टर्न मारताना फॅट बॉयवर पोटात गोळा आला आणि चीफवर नाही आला.

आता आवाजाचं, कारण अर्धे लोक ह्यासाठीच घेतात. हार्लेचे दोन सिलिंडर 45 अंशात, आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) एकाच पिनवर. त्यामुळं स्फोट सारख्या अंतरानं होत नाहीत, क्रँक 315 अंश फिरला की एक, पुढं 405 अंश फिरला की दुसरा, म्हणून ते डुग-डुग, थांबून परत डुग. चीफचं इंजिन 49 अंशाचं, तिथंही तसंच, पण तिचा ठोका जरा जड वाटला मला, घुमल्यासारखा. फॅट बॉयचं इंजिन फ्रेमला घट्ट बोल्ट केलेलं, आत थरथर कमी करायला दोन बॅलन्सर, तरी उभी असताना आरसे थोडे थरथरतातच. मला ती थरथर आवडते. मशीनवर हात ठेवला की बेअरिंग बोलतंय का ते कळतं ना, तसं. आणि चीफच्या सिलिंडरवरच्या फिन्सच्या (हवेनं थंड करणाऱ्या पात्यांच्या) कडा काय मशिनिंग केल्यात राव, काळ्या रंगातनं चमकणारी एकेक कड, मी पाच मिनिटं नुसतं बोट फिरवत उभा होतो, मित्र म्हणाला काय गा, गाडी चालवणार हाईस का जॉबवर्क बघणार हाईस.

पण माझं मत जिथं ठरलं ती जागा म्हणजे टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट. गेट पडलं, पाठीमागं रिक्षा, बाजूला भाजीचा छोटा हत्ती टेम्पो, ऊन डोक्यावर. मी मुद्दाम इंजिन चालूच ठेवलं (एरवी करू नका). फॅट बॉयवर दोन मिनिटांत उजव्या मांडीला मागच्या सिलिंडरची धग लागायला लागली, जीन्स घातलेली असून. चार मिनिटांनी मी पाय बाहेर काढून बसलो. मग चीफ घेऊन तिथंच परत आलो, तास-दीड तासात दुसरी रेल्वे येतेच आपल्याकडं. चीफमध्ये गाडी थांबलेली असली आणि इंजिन तापलेलं असलं की मागचा सिलिंडर आपोआप बंद होतो, आवाज एकदम बदलतो, अर्धा ठोकाच ऐकू येतो, आधी मला वाटलं काहीतरी बिघडलं. ॲक्सिलरेटर दिला की परत दोन्ही चालू. गरम ती पण होते, एअर कूल्ड आहे शेवटी, पण सोसण्यासारखी. ज्याला काँग्रेस रोड, गोगटे सर्कल, खडेबाजार असं रोज जायचंय त्याच्यासाठी हा एक मुद्दा बाकी सगळ्या मुद्द्यांना भारी आहे.

फॅट बॉय कुठं जिंकली तेही सांगतो, नाहीतर हार्लेवाले चिडतील आणि बरोबरच चिडतील. पिरनवाडी सोडून किणयेच्या पुढं गेलो, कुसमळीचा पूल, जांबोटी, पुढं जंगल आणि रस्त्याचे ते तुम्हाला माहीत असलेले हाल. फॅट बॉयचा शॉक सीटखाली लपवलाय, तो खड्डे बऱ्यापैकी गिळतो. चीफचा मागचा शॉक फक्त 75 मिमी दबतो, जांबोटीच्या पुढं दोन खड्डे असे बसले की कंबरेतनं मानेपर्यंत कळ गेली. फूटबोर्डवर पाय टेकून आरामात बसायचं सुखही फॅट बॉयचंच. मात्र तिच्या पोटाखाली 115 मिमीच जागा, चीफला 125, आणि आपल्याकडं गावागावात लोकांनी घातलेले स्पीड ब्रेकर कसे असतात? फॅट बॉय एका ब्रेकरवर तिरपी घालूनसुद्धा खाली खर्रकन घासली, मित्राचं तोंड उतरलं, माझंही.

दुसरी एक बाब, इंडिकेटर. हार्लेत डाव्या हाताला डाव्याचं बटन, उजव्या हाताला उजव्याचं. आपल्याला सवय एकाच बाजूची, पहिले दहा किलोमीटर अंगठा शोधत बसतो.

परत आल्यावर मिसेसला मागं बसवून दोन्हीवर वडगावपर्यंत नेलं, आधी फॅट बॉय, मग चीफ. चीफ मुळात एक सीटचीच येते, मित्रानं मागची सीट वेगळी बसवून घेतलीय. मिसेस म्हणाली, "अहो, पहिलीवर रुंद वाटलं, पण दुसरीवर तुम्ही घाबरला नव्हता, ते मागं बसून कळतं." मला हे कुठल्याच रिव्ह्यूत वाचायला मिळालं नसतं.

आणि म्हणूनच शोरूमच्या टेस्ट राईडवर माझा राग आहे. मी मागं एका मोठ्या शहरात अशीच एक जड गाडी बघायला गेलेलो. हायवेच्या सर्व्हिस रोडवर सरळ जाऊन सरळ यायचं, तीन किलोमीटर, पुढं त्यांचा माणूस स्कूटरवर, यू टर्नला त्यानं स्वतः गाडी घेतली आणि वळवून माझ्या हातात दिली. वीस-तीस लाखांची वस्तू घेणाऱ्या माणसाला तुम्ही तिचं वजनच कळू देत नाही? सरळ रस्त्यावर 80 च्या स्पीडला तीनशे किलो शंभर किलोसारखेच वाटतात. मागा भांडून, सिग्नल द्या, यू टर्न द्या, चढावर थांबवून परत उचलू द्या, चढाला तोंड करून लावलेली गाडी मागं ढकलू द्या, बायकोला मागं बसवू द्या. नाही म्हणाले तर उठून या.

पैशाचं म्हणाल तर 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीच्या वर जीएसटी 40 टक्के झालाय. वरनं कर्नाटकचा रोड टॅक्स महाराष्ट्रापेक्षा जास्त, त्यामुळं मला तिघांनी सल्ला दिला की सीमेपलीकडच्या शिनोळीच्या पाहुण्याच्या पत्त्यावर महाराष्ट्राचं एमएच 09 पासिंग करून घे. नाही करणार. राहतो इथं, खातो इथलं, गाडी बेळगावची केए 22 च लागेल.

माझं मत चीफ. कंबरेचं बघू, मागचे शॉक बदलून मिळतात. पण घ्यायच्या आधी इंडियनचीच स्काऊट एकदा चालवायची राहिलीय, ती जुनी 1133 सीसीवाली, लिक्विड कूल्ड, 649 मिमी सीट आणि वजनाला बरीच हलकी. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, खानापूर, चंदगड, कुणाकडं असेल तर इनबॉक्स करा. पेट्रोल माझं, कुंदा माझा, आणि गाडी दुसऱ्या गेटाजवळ एकदा थांबवू द्यायची एवढीच अट.